कबुतराच्या पानावर बंदी

सगळ्या वादाचं मूळ एका वाक्यात आहे आणि ते वाक्य माझं आहे. 'कबूतर हा मूर्ख पक्षी असून त्याला घरटे बांधता येत नाही व अंडी फक्त मादी उबवते.' आता यात न पटण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा. वाक्य सुटसुटीत आहे, पक्षी ओळखीचा आहे, आणि लिहिणारा माणूस आठवीला विज्ञान शिकवतो. अशा वाक्यावर कुणी बोट ठेवील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण बोट ठेवलं गेलं. नुसतं ठेवलं नाही, तर त्या बोटाने माझं वाक्य पुसलं गेलं.

झालं असं, की आमच्या शाळेतली संगणकाची खोली पीटीच्या सरांना हवी होती. त्यांच्या उड्या मारायच्या गाद्या जिन्याखाली ठेवल्या होत्या आणि तिथे त्यांना वास यायला लागला होता. वास म्हणजे गाद्यांना, सरांना नव्हे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितलं, "तपासणी होईपर्यंत खोली तुमची. तोवर काहीतरी करून दाखवा. नाहीतर गाद्या आत, संगणक जिन्याखाली."

मी विकी करायचं ठरवलं. विकी म्हणजे सगळ्या वर्गाने मिळून लिहायचं एक पान. कुणीही लिहावं, दुसऱ्याने लिहिलेलं कुणीही सुधारावं, हवं तर पुसावं. पुसलेलं जात मात्र नाही. 'इतिहास' नावाच्या खणात सगळं राहतं. आणि प्रत्येक पानामागे एक चर्चेचं पान असतं, तिथे भांडायचं. थोडक्यात फळाच, पण पुसलेलं दिसत राहणारा आणि डस्टर सगळ्यांच्या हातात असणारा. एका प्रशिक्षणात हे ऐकून मी फार भारावलो होतो. मुलं एकमेकांकडून शिकतील, गुरुजींनी फक्त बाजूला उभं राहावं, असं तिथे सांगितलं होतं. बाजूला उभं राहायला मी तयारच होतो. फक्त पहिलं वाक्य माझं असावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. कुणीतरी सुरुवात करून द्यायला नको का?

विषय निवडला कबूतर, कारण त्याला शोधायला जावं लागत नाही. शाळेच्या वाचनालयाच्या झरोक्यात एक जोडी होती आणि आमच्या घरी गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत दुसरी. त्या घरच्या जोडीवर माझा राग होता. वाळत घातलेल्या कपड्यांचं ती जोडी जे करी, ते मी इथे लिहीत नाही. जाळी लावणाऱ्या माणसाला मी सांगूनही ठेवलं होतं. तो येतो येतो म्हणत होता.

ती गॅलरी सासऱ्यांच्या खोलीची. माझे सासरे बायको गेल्यावर एकटे राहत होते, ते गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आले. मोठ्या कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस. एके काळी त्यांच्या टेबलासमोर उभं राहताना लोकांचे पाय कापत, असं माझी बायको सांगते. मला ते कधी खरं वाटलं नाही, कारण आमच्याकडे ते इतके मऊ बोलत की कापूस त्यापुढे खरखरीत वाटावा. जावई म्हणजे मान. जावयाला उलट बोलायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत, आणि ती त्यांनी हाडांत मुरवलेली.

"पंखा वाढवू का, बाबा?"

"वाढवा ना. छान."

"की बंद करू?"

"करा. तेही छान."

सकाळचा चहा मी करतो. चहा हा माझा प्रांत आहे आणि त्याबद्दल मला थोडा अभिमान आहे. पहिल्या दिवसापासून ते कप तोंडाला लावून म्हणत, "वा, अगदी बरोबर." एकदा साखर घालायलाच विसरलो होतो. तेव्हाही अगदी बरोबरच होता.

मला वाटे, काय समाधानी माणूस आहे! बायकोला तसं वाटत नसे. एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "अहो, बाबांनी अजून बॅग उघडून कपाटात कपडे लावले नाहीत. बॅगेतून काढतात, बॅगेत ठेवतात. पाहुण्यासारखे राहताहेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी परत जायचं म्हणतात."

"पण इथे त्यांना काय कमी आहे? कधी एका शब्दाने तक्रार केली नाही त्यांनी."

"तेच तर," ती म्हणाली. "तिकडे एकटे पडतील हो. गुडघा असा, जिना तसा. काहीतरी करा ना तुम्ही. बोला त्यांच्याशी."

मी त्याच संध्याकाळी बोललो. म्हटलं, "बाबा, जाऊ नका." ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी सांगून ठेवली. अशा माणसाशी बोलायचं तरी कसं?

असो. विकीकडे वळतो.

पहिली अडचण मुलांचीच निघाली. कुणी कुणाचं पुसेना. चूकही त्यांची नाही, आपलीच. पहिलीपासून आपणच शिकवतो की दुसऱ्याच्या वहीला हात लावायचा नाही. त्यामुळे आठवीचं पान असं वाढत गेलं: 'कबूतर राखाडी असते. पण काही पांढरी असतात. पण आमच्या गल्लीत एक तपकिरी आहे. पण ते मळलेलेही असू शकेल. पण मी ते आंघोळ करताना पाहिले आहे.' कुणाचंच मन दुखवलेलं नव्हतं आणि कबूतर कुठल्या रंगाचं हे कुणालाच कळत नव्हतं.

मी वर्गात उभा राहून म्हणालो, "पुसा रे! बिनधास्त पुसा! पटलं नाही तर बदला. फक्त का बदललं ते चर्चेत लिहा, आणि पुरावा द्या. पुरावा नसेल त्या वाक्यापुढे लिहायचं, 'संदर्भ हवा'."

"सर, मोठ्या माणसांचं वाक्य असेल तर?" वर्गातल्या एका मुलीने विचारलं. दोन घट्ट वेण्या, त्याहून घट्ट बोलणं. वर्ग तिला वकीलबाई म्हणतो.

"विकीवर लहान-मोठं कुणी नसतं," मी म्हणालो. हे वाक्य मी प्रशिक्षणातून आणलं होतं.

"आणि दोघांनी एकमेकांचं पुसतच राहिलं तर?"

"तर दोघांनाही आठवडाभर बंदी. विश्रांती घ्यायची, शांत व्हायचं." हेही तिकडूनच आणलेलं.

तिने ते लिहून घेतलं. बंदी घालायचे अधिकार कुणाला तरी द्यावे लागतात. मी मोठ्या मनाने तिला दिले. मुलांवर जबाबदारी टाकली की मुलं मोठी होतात, असं माझं मत होतं. अजूनही आहे, पण आता ते मी जरा हळू आवाजात मांडतो.

दुसरी अडचण हेडक्लार्कची. शाळेच्या नावाने बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर मोठ्या बाईंच्या सहीने जातो, असा नियम त्याने मला दाखवला. पानावर शाळेचं नाव होतं. तेव्हा प्रत्येक बदल छापून, सही घेऊन, मग करावा.

"अहो, मुलं क्षणाक्षणाला बदल करतात."

"मग क्षणाक्षणाला सही घ्या."

आम्ही पान छापायला घेतलं. छापून बाहेर येईस्तोवर कबुतराचे डोळे लालचे नारिंगी झाले होते. सही होईस्तोवर ते पुन्हा लाल झाले. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मी नेमकी कुठल्या डोळ्यांवर सही करतेय?" शेवटी हेडक्लार्कनेच तोडगा काढला. शाळेचं नाव काढून टाकायचं. मग पान कुणाचंच नाही आणि सहीही कुणाची नाही. नियम पाळला गेला आणि सगळे सुटले.

सगळे सुटले म्हणजे खरंच सगळे. मोठ्या बाईंना तपासणीत 'पालकांचा सहभाग' दाखवायचा होता. म्हणून पानावर येण्याचा परवलीचा शब्द सूचनाफलकावर लागला, मुलांबरोबर घरोघर गेला, आणि मी विसरू नये म्हणून आमच्या फ्रिजवरही चिकटला. कोणी कुठल्या नावाने यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. मी 'मार्गदर्शक' हे नाव घेतलं. साधं, पण वजनदार.

मग आमच्या इमारतीतले लोक आले. वरच्या मजल्यावरच्या काकू कबुतरांना दाणे घालतात आणि इमारतीचे सेक्रेटरी दाणे घालणाऱ्यांना नोटिसा घालतात. सेक्रेटरींनी 'आहार' या भागात लिहिलं, 'दाणे टाकणाऱ्यांनी गच्चीची किल्ली त्वरित परत करावी.' त्यापुढे कुठल्याशा मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'संदर्भ हवा.' सेक्रेटरींनी संदर्भ म्हणून सभेचं इतिवृत्त जोडलं. काकूंना जुन्या चालीवर ओव्या रचायचा नाद. त्यांनी 'घरटे' या भागात एक ओवी टाकून दिली:

काडीमागे काडी, आणितो गं राया
बसल्या जागी काया, घर होई

मुलांनी ती पुसली नाही. तिच्यासाठी वेगळं पान केलं आणि खाली लिहिलं, 'सुंदर आहे. पण नर काडी आणतो हे तपासायला हवे.' काकू जिन्यात भेटल्या तेव्हा जरा फुगलेल्या दिसल्या. "ओवी तपासतात का हो कुणी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मुलं आहेत, काकू." त्या म्हणाल्या, "सेक्रेटरीला सांगा तपासायला, तो सगळंच तपासतो."

आणि मग आला 'मौनी'.

मौनी या नावाने कुणीतरी माझं पहिलं वाक्य पुसलं आणि तिथे लिहिलं: 'कबूतर स्वतःला पुरेल एवढे घरटे बांधते. दिवसा अंड्यांवर नर बसतो, एरवी मादी.' मी शाळेतून येऊन पाहिलं आणि माझं वाक्य परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहतो तर पुन्हा मौनी. मी पुन्हा माझं ठेवलं, आणि चर्चेच्या पानावर गेलो. तिथला पत्रव्यवहार इतिहासात आहेच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

मार्गदर्शक: 'आपण कोण आहात ते कळवावे. हे मुलांचे काम आहे.'

मौनी: 'मुलांचे असेल तर तुमचे वाक्य सर्वांत वर कसे?'

मार्गदर्शक: 'मी अनेक वर्षे विज्ञान शिकवत आहे.'

मौनी: 'आपण कबूतर पाहिले आहे काय?'

मार्गदर्शक: 'माझ्या घरीच आहे.'

मौनी: 'घरी असणे आणि पाहिलेले असणे यांत फरक आहे.'

हा कोण? पीटीचे सर असावेत असं मला आधी वाटलं, पण 'यांत'वरचा अनुस्वार त्यांच्या आवाक्यातला नव्हता. मग सेक्रेटरींवर संशय घेतला, पण ते कबुतराची बाजू मरेस्तोवर घेणार नाहीत. हेडक्लार्क म्हणावा, तर त्याने खाली तारीख घातली असती.

घरी मी जेवताना याच विषयावर बोलू लागलो. "काय माणसं असतात बघा, बाबा. चेहरा लपवायचा आणि दुसऱ्याच्या वाक्यावर चिखल उडवायचा. भित्रा असणार. घरात कुणी विचारत नसेल."

"शक्य आहे," सासरे म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल." आणि त्यांनी पोळीचा तुकडा फार काळजीपूर्वक तोडला.

बायकोला अचानक ठसका लागला. मी तिला पाणी दिलं.

दिवस जात होते आणि घरात एक चांगला फरक पडला होता, हे मी नमूद केलं पाहिजे. सासऱ्यांची तब्येत सुधारत होती. दुपारी ते झोपेनासे झाले. गॅलरीत खुर्ची टाकून बसत, गुणगुणत, मोबाइल नाकापाशी धरून काहीबाही टिपत. 'गुडघ्याचे व्यायाम सांगतात त्यात' असं मला सांगितलं. एकदा तर मी घरात शिरलो तेव्हा ते एकटेच मांडीवर थाप मारून हसत होते. मला बघताच ते गप्प झाले आणि पाय सरळ करून म्हणाले, "या. दमलात?"

दमलो होतोच. कारण मौनी आता धडाधड लिहीत होता. मी 'मूर्ख' शब्द ठेवला की तो काढी. मी पाठ्यपुस्तकाचं नाव दिलं की तो म्हणे, 'पुस्तक लिहिणाऱ्याने दुपारी झोप घेतली असावी.' एकदा मात्र तो माझ्या तावडीत सापडला. त्याने लिहिलं, 'पिलांना पहिल्या दिवसापासून दाणे भरवतात.' मी झडप घातली. पहिले काही दिवस नर-मादी दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार झालेला दुधासारखा पदार्थ पिलांना देतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तसं लिहिलं आणि खाली जोडलं, 'पाहणे आणि समजणे यांतही फरक आहे.' ('यांत'वर अनुस्वार मीही दिला.) त्यावर दिवसभर मौनीचा पत्ता नव्हता. त्या दिवशी सासरेही जरा गप्प होते, चहा थंड होईपर्यंत कप हातात धरून बसले होते. मला त्यांच्या गुडघ्याची काळजी वाटली.

मुलं काय करत होती? मला वाटलं होतं ती आमच्या भांडणाला कंटाळतील. पण मधल्या सुट्टीत आठवी वाचनालयाच्या झरोक्याखाली मान वर करून उभी असायची. त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. गळा फुगवून गिरक्या घेतो तो नर, असं ठरलं. त्याचं एक बोट तुटलेलं होतं म्हणून ओळख पटली. तो काडी आणी, चोचीत धरून मादीच्या पाठीवरून पुढे करी, ती ती घेऊन अंगाखाली सरकवी. वकीलबाईने काकूंच्या ओवीखाली लिहिलं, 'तपासले. खरे आहे.' काकूंनी जिन्यात मला सबंध इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "आमची ओवी पास झाली हो!"

हे सगळं मी वाचत होतो असं नाही. मी फक्त पहिलं वाक्य बघत होतो. राखणीला बसलेल्या माणसाला शेत दिसत नाही, कुंपण तेवढं दिसतं.

तपासणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला. संगणकाच्या खोलीत अधिकारी खुर्चीवर, बाजूला मोठ्या बाई, दारात हेडक्लार्क, आणि मागच्या भिंतीला टेकून पीटीचे सर खोली नजरेने मोजताहेत. आठवी बाकांवर चिकटून बसलेली. मी पडद्यावर पान उघडलं आणि म्हणालो, "आता मी प्रत्यक्ष एक बदल करून दाखवतो."

पडद्यावर ठळक अक्षरं आली: 'मार्गदर्शक, आपल्याला या पानावर बदल करण्यास आठवडाभर मनाई आहे.'

मी पुन्हा दाबलं. पडदा पुन्हा तेच म्हणाला. मागे पीटीच्या सरांनी खोकल्यासारखं केलं.

"हे कुणी केलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

वकीलबाई उभी राहिली. "मी. काल."

"सरांवर बंदी?"

"त्यांच्यावर आणि मौनीवर. दोघंही एकमेकांचं पुसत होते. नियम सरांचाच आहे." मग माझ्याकडे बघून ती जरा हळू आवाजात म्हणाली, "सर, मी दोनदा चर्चेत सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही वाचलं नाही."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. अधिकारी मात्र पुढे सरकले. "चर्चा दाखव बघू."

आणि मग माझ्या शाळेत, माझ्या वर्गासमोर, त्या गृहस्थांनी ती सगळी चर्चा मोठ्याने वाचली. आवाज चांगला होता त्यांचा. 'पुस्तक लिहिणाऱ्याने दुपारी झोप घेतली असावी' या वाक्याला हेडक्लार्क हसला. तो हसतो हे शाळेला त्या दिवशी कळलं. मी पडद्याच्या बाजूला उभा होतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं तसा, अगदी बाजूला.

"मग शेवटी खरं काय ठरलं?" अधिकाऱ्यांनी मुलांना विचारलं.

पोरं एकदम बोलू लागली. अंडी दोघंही उबवतात, दिवसा नर, एरवी मादी, आम्ही झरोक्यात पाहिलं. म्हणजे मौनी बरोबर. पण दुधासारख्या पदार्थाचं सर बरोबर. 'मूर्ख' काढून टाकला, कारण संदर्भ मिळाला नाही. दोघांच्या भांडणातून जे जे तपासता आलं ते घेतलं, बाकी इतिहासात आहे.

"आणि मौनीने फोटोपण दिलाय," एकजण म्हणाला, आणि त्याने तो पडद्यावर मोठा केला.

कुंडी. कुंडीत चार काड्या. काड्यांवर छाती टेकून बसलेलं कबूतर, पंखावर एकच पांढरं पीस. खाली लिहिलेलं: 'दुपारचा नर. मादीला असे पीस नाही.' फोटो खरोखर छान होता. दुपारचं ऊन कुंडीच्या काठावर सांडलेलं होतं आणि त्या पाखराच्या डोळ्यात कसलीही घाई नव्हती.

"मागे हे काय लटकतंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बनियन," पीटीचे सर म्हणाले. "खांद्यावर फाटलेलं."

मी पाहिलं. फाटलं होतं. डाव्या खांद्यावर, शिवण सोडून, थोडं तिरपं. माझ्या बनियनाला मी कुठेही ओळखीन.

"कुणाचं असेल?" मोठ्या बाई उगाचच म्हणाल्या.

"संदर्भ हवा," मागच्या बाकावरून आवाज आला. संदर्भ माझ्या सदऱ्याखाली, अंगावरच होता, पण मी तो दिला नाही.

अहवालाची प्रत मोठ्या बाईंनी मला वाचायला दिली. 'विद्यार्थी चौकस व नियम पाळणारे आहेत. संबंधित शिक्षकांस मार्गदर्शनाची गरज आहे.' खोली राहिली. गाद्याही आल्या, मागच्या भिंतीला उभ्या आहेत, आणि वास येतो. पण मी त्या वेळी त्या विचारात नव्हतो. 'भित्रा असणार, घरात कुणी विचारत नसेल.' हे वाक्य मी कुणासमोर बसून बोललो होतो, ते वाटभर माझ्या कानात वाजत होतं. या वाक्याला इतिहासाचा खणसुद्धा नव्हता, की जाऊन परत फिरवावं.

घरी आलो तर बॅग दाराशी आणून ठेवलेली. रविवार अजून आला नव्हता, पण त्यांची तयारी झाली होती. सासरे गॅलरीत बसलेले. मी काही न बोलता चहा ठेवला, दोन कप घेऊन गेलो आणि एक त्यांच्यापुढे केला.

"घ्या," मी म्हणालो. आणि मग, "मौनी."

कप अर्ध्या वाटेत थांबला. कुंडीतलं कबूतर आमच्याकडे बघत होतं. पांढऱ्या पिसाचं, म्हणजे नराचीच पाळी होती.

त्याच्याकडे बघतच ते म्हणाले, "माझ्यावरही बंदी आहे. कालपासून. मुलगी कडक आहे."

"हो."

"बरोबर केलं तिने."

"हो. बाबा, त्या दिवशी जेवताना मी जे बोललो..."

"ते सोडा," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला. मान खाली घालून कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. मला वाटलं आता 'तुम्ही म्हणाल तसं' येणार. "जावईबापू, ते दुधाचं तुमचं बरोबर होतं. मी नंतर वाचलं. पण 'मूर्ख' शब्द... तो चुकीचा आहे."

"आता काढलाय मुलांनी."

"मुलांनी काढला. तुम्ही नाही काढला." त्यांचा आवाज बदलला. "चार काड्यांत संसार करतं ते पाखरू. कुणाची जागा अडवत नाही, कुणाला त्रास देत नाही..."

"त्रास देत नाही? माझे सदरे बघितलेत का तुम्ही?"

"सदरे दुसरीकडे वाळत घाला!"

"गॅलरी माझी आहे!"

"गॅलरी माझ्या खोलीची आहे!" ते खुर्चीवरून उठले. ऑपरेशनच्या गुडघ्यावर, हात न टेकता. "आणि तुमच्या त्या जाळीवाल्याला मीच फोन करून सांगत आलोय, येऊ नको म्हणून! पिलं उडेपर्यंत जाळी लागणार नाही! समजलं?"

मला माझ्या बायकोचं म्हणणं पटलं. माझे पाय कापत होते. तरी मी सोडलं नाही. घरट्याला घरटं म्हणायचं तर त्याला काही किमान बांधकाम लागतं की नाही, हा मुद्दा मी मांडला. त्यांनी तो तिथल्या तिथे आडवा केला. मी दुसरा काढला. वरच्या गॅलरीतून काकू वाकून बघायला लागल्या आणि त्यांनी ओवीची बाजू घेतली. खालून सेक्रेटरी ओरडले की हा विषय सभेत घ्यावा.

बायको कामावरून आली तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतो. ती दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणालो, "बघ ना, तुझे बाबा काय म्हणताहेत!" ते म्हणाले, "बघ ना, तुझा नवरा ऐकून घेईल तर शपथ!"

तिने आमच्यापैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. दाराशी ठेवलेली बॅग उचलली, आत नेली, आणि थोड्या वेळाने कपाटाच्या दाराचा करकर आवाज आला. ते कपाट सासरे आल्यापासून कुणी उघडलं नव्हतं.

"अगं, राहू दे ते," सासरे आत बघून म्हणाले. पण उठून गेले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बंदी उठेपर्यंत थांबतो मी. चर्चेत उत्तर द्यायचं राहिलंय."

"द्या की. मीही देईन."

"द्या."

कबुतरांची पाळी बदलली. बिनपिसाची आली, पिसाचा उडाला. आम्ही दोघांनी ते पाहिलं आणि कुणीच काही म्हटलं नाही, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी कप उचलून उरलेला चहा प्यायला, तोंड वाकडं केलं, आणि कप माझ्या हातात दिला.

"आणि हा चहा," ते म्हणाले. "आल्यापासून पितोय. वाईट असतो. उद्यापासून मी करत जाईन."

अपमान मोठा होता. मी ताठ मानेने कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिथे कुणी बघत नाहीसं पाहून पातेल्यात उरलेला एक घोट चाखला, नीट, संदर्भ म्हणून.

खरं होतं त्यांचं.